न्यूझीलंडमध्ये कॅम्परव्हॅन: करार, किलोमीटर आणि कॅसेट

महाराष्ट्रात गाडी चालवणाऱ्याला न्यूझीलंडचा रस्ता फारसा परका वाटत नाही. स्टीअरिंग उजवीकडे, गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने, अंतरे किलोमीटरमध्ये आणि पाट्या इंग्रजीत. आपल्या आरटीओचा परवाना इंग्रजीत छापलेला असतो, त्यामुळे मुदतीत असलेला मूळ परवाना जवळ असला की भाषांतराची गरज पडत नाही. अमेरिकेत किंवा युरोपात उजवीकडून गाडी चालवताना पहिले दोन दिवस जे दडपण येते, ते इथे येत नाही. कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन कुटुंबासह हिंडायचे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी पहिली सहल न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर करावी, याचे हे पहिले कारण.

दुसरे कारण तिथल्या सोयींचे. पाणी भरायचे नळ, सांडपाणी सोडायची ठिकाणे आणि गाडी वीजजोडणीला लावून रात्र काढायच्या जागा लहान गावांतही सापडतात. ऑकलंड, क्राइस्टचर्च आणि क्वीन्सटाउन या तिन्ही विमानतळांजवळ माउई, ब्रिट्झ, ज्यूसी अशा कंपन्यांचे डेपो आहेत.

तरीही सहली बिघडतात. त्या बिघडतात तीन ठिकाणी: करार नीट वाचलेला नसतो, किलोमीटरचा हव्यास धरलेला असतो, आणि गाडीतल्या शौचालयाची कॅसेट कोणी रिकामी करायची हे घरून निघताना ठरलेले नसते.

बर्थ मोजू नका, माणसे मोजा

कंपन्या गाड्यांची वर्गवारी टू बर्थ, फोर बर्थ, सिक्स बर्थ अशी करतात. हा आकडा झोपणाऱ्यांचा आहे, आरामात राहणाऱ्यांचा नाही. फोर बर्थ गाडीत एक पलंग बहुधा चालकाच्या केबिनच्या वर असतो आणि दुसरा जेवणाचे टेबल खाली करून, त्यावर गाद्या पसरून रोज रात्री तयार करावा लागतो. सकाळी चहाच्या आधी तो पुन्हा मोडायचा. चार प्रौढ असतील तर सिक्स बर्थ घेतलेली बरी. एक पलंग कायम अंथरलेला ठेवता येतो.

आजी-आजोबा बरोबर असतील तर वरच्या पलंगाची शिडी त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाही, हे आधीच धरून चालावे. लहान मुले असतील तर बुकिंग करतानाच त्यांची वये सांगावीत. सात वर्षांखालील मुलाला मान्यताप्राप्त चाइल्ड सीटमध्ये बसवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती सीट गाडीतल्या प्रत्येक आसनावर बसवता येत नाही. गाडी चालू असताना सगळ्यांनी पट्टा लावून बसायचे. मागे उभे राहून चहा करणे किंवा पलंगावर आडवे होणे चालत नाही.

मोठ्या गाड्यांची लांबी सात मीटरच्या आसपास असते आणि उंची तीन मीटरच्या वर जाते. अचूक उंची डॅशबोर्डवर लिहिलेली नसेल तर पहिल्याच दिवशी कागदावर लिहून काचेला चिकटवावी. बहुमजली पार्किंग, पेट्रोल पंपाचे छप्पर आणि झाडांच्या खाली आलेल्या फांद्या या तिन्ही ठिकाणी तोच कागद उपयोगी पडतो.

ऑटोमॅटिक गिअर आहे का, आणि हीटर बाहेरच्या वीजजोडणीशिवाय चालतो का, हे दोन प्रश्न बुकिंगआधीच विचारायचे. डिझेलवर चालणारा हीटर असेल तर थंड रात्री कुठेही मुक्काम करता येतो. नुसता विजेवर चालणारा असेल तर रोज वीजजोडणीची जागा शोधणे भाग पडते.

मे महिना आणि दिवाळी

न्यूझीलंडचे ऋतू आपल्या उलट. मराठी कुटुंबांना शाळेमुळे मोकळा मिळणारा मे महिना तिथे शरद ऋतूची अखेर असतो. भाडे उतरलेले असते, पण क्वीन्सटाउनच्या बाजूला दिवस जेमतेम नऊ-साडेनऊ तासांचा उरतो आणि डोंगरी रस्त्यांवर बर्फाच्या साखळ्या जवळ ठेवायचा मोसम सुरू होतो. डिसेंबर-जानेवारीत उजेड रात्री नऊच्या पुढेही असतो; मात्र तेव्हा तिथल्याच लोकांच्या सुट्ट्या असतात, भाडी सर्वांत चढी असतात आणि गाडी किमान किती दिवस घ्यावी लागेल याची अटही कडक होते. दिवाळीची सुट्टी तिथल्या वसंतात येते. हवा लहरी, पण गर्दी कमी आणि दिवस मोठा होत चाललेला. ज्यांना तारखा निवडण्याची मुभा आहे त्यांनी फेब्रुवारी-मार्च गाठावा: उन्हाळ्याची ऊब असते आणि स्थानिक शाळा सुरू झालेल्या असतात.

करारात दडलेला खर्च

संकेतस्थळावर दिसणारे दिवसाचे भाडे हा एकूण खर्चाचा एक भाग. त्यावर एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचे शुल्क, दुसऱ्या चालकाचे शुल्क, चाइल्ड सीट, खुर्च्या-टेबल, कार्डाचा अधिभार अशा गोष्टी चढतात. डिझेलच्या गाडीवर आणखी एक खर्च असतो. न्यूझीलंडमध्ये पेट्रोलचा रस्ताकर इंधनाच्या दरातच असतो, पण डिझेलचा नसतो. तो गाडी जितके किलोमीटर चालेल त्या हिशेबाने वेगळा भरावा लागतो. हलक्या डिझेल गाड्यांना हा कर दर १,००० किलोमीटरला ७० डॉलरच्या वर पडतो आणि भाड्याची कंपनी तो शेवटच्या बिलात लावते. त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना करताना सगळे धरून होणारी रक्कम विचारावी.

खरा जीव अडकतो तो विम्यात. मूळ भाड्यात विमा असतो, पण अपघात झाला तर पहिले काही हजार डॉलर ग्राहकाने सोसायचे असतात. मोठ्या गाड्यांना ५,००० डॉलरच्या पुढचे आकडे सर्रास दिसतात, आणि बऱ्याचदा तेवढी रक्कम कार्डावर अडकवून ठेवली जाते. रोज जादा पैसे भरून ही जबाबदारी कमी करता येते किंवा शून्यावर आणता येते. मोठी गाडी पहिल्यांदाच चालवणाऱ्याने हे जादा पैसे वाचवू नयेत. मात्र जबाबदारी शून्यावर आणली तरी काही नुकसान विम्याबाहेरच राहू शकते. करारात नेमके तेच शोधून वाचावे: छताचे आणि गाडीच्या पोटाखालचे नुकसान, डिझेलच्या टाकीत पेट्रोल भरणे, पाण्याच्या टाकीत डिझेल ओतणे, आणि बंदी घातलेल्या रस्त्यांवर जाणे. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यनचा रस्ता आणि उत्तरेकडचा नाइन्टी माइल बीच ही दोन नावे अशा बंदीच्या यादीत हमखास असतात. बाकीचे कच्चे रस्ते कंपनीगणिक बदलतात.

डिपॉझिटसाठी कार्ड चालकाच्या नावाचे लागते. भारतीय बँकेचे कार्ड परदेशी व्यवहारांसाठी सुरू केलेले आहे ना आणि त्याची मर्यादा पुरेशी आहे ना, हे निघण्यापूर्वी ॲपमध्ये पाहावे. रक्कम नुसती रोखून ठेवणार की प्रत्यक्ष वळती करून नंतर परत करणार, हेही विचारावे. वळती करून परत आलेल्या रकमेत जाताना आणि येताना असा दोनदा विनिमयदराचा फटका बसतो.

अपघातात इजा झालीच, तर उपचारांसाठी न्यूझीलंडची एसीसी नावाची सरकारी योजना पर्यटकांनाही मदत करते. आजारपण मात्र तिच्यात येत नाही आणि मायदेशी परतण्याचा खर्चही येत नाही. त्यामुळे प्रवास विमा लागतोच.

डेपोतला एक तास

लांबचा विमानप्रवास करून आलेले कुटुंब डेपोत पोचते तेव्हा सगळ्यांना कधी एकदा निघतो असे झालेले असते. तिथेच थांबायचे. एकाने कर्मचाऱ्याबरोबर फिरून गाडी समजून घ्यावी आणि दुसऱ्याने मोबाइलवर सलग चित्रण करावे: चारही बाजू, चाकांच्या रिम, पुढच्या काचेवरचे खडे लागल्याचे ठिपके, छताचे कोपरे, आतले कप्पे, गादीवरचे डाग. दिसलेला प्रत्येक ओरखडा ताबा घेण्याच्या कागदावर नोंदवून घ्यावा.

समजून घ्यायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. गॅसचा मुख्य कॉक कुठे आहे, पाण्याचा पंप कोणत्या बटणाने सुरू होतो, वीजजोडणीची केबल कोणत्या झाकणाआड आहे, पिण्याच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळ्या कोणत्या. गॅस पेटवून, पाणी सोडून, पलंग एकदा उघडून पाहावा. रात्री पावसात टॉर्च धरून हे शोधण्याची वेळ येऊ नये.

शक्यतो ती पहिली रात्र हॉटेलात काढून गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावी. झोप न झालेल्या माणसाने सात मीटरची गाडी अनोळखी शहरातून काढणे धोक्याचे आहे.

दिवसाला दोनशे किलोमीटर पुरे

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सवयीने नकाशा पाहिला की दक्षिण बेट लहान वाटते. क्राइस्टचर्च ते क्वीन्सटाउन जेमतेम ४८० किलोमीटर, म्हणजे एका दिवसाचे काम, असा हिशेब घरी बसून होतो. मोकळ्या रस्त्यावर मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. ३,५०० किलोंहून जड गाडीला ९० ची. बरेचसे मोठे रस्तेही दोनपदरीच आहेत, आणि वळणे, घाट, एकेरी पूल धरता कॅम्परव्हॅनचा प्रत्यक्ष सरासरी वेग साठच्या आसपास उतरतो. फोटोसाठी, चहासाठी, मुलांसाठी थांबणे वेगळेच.

दिवसाला दोनशे किलोमीटर हे माप ठेवले तर एक सुरेख आखणी बसते. क्राइस्टचर्चहून टेकापो तलाव सुमारे २२५ किलोमीटर. हा प्रदेश आओराकी मॅकेन्झी आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्हमध्ये येतो. २०१२ साली त्याला ही मान्यता मिळाली, आणि निरभ्र रात्री इथे आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी ठळक दिसते. इथे दोन रात्री राहिले तर एक तरी निरभ्र मिळण्याची आशा वाढते. पुढे पुकाकी तलावाच्या काठाने ३,७२४ मीटर उंचीच्या आओराकी माउंट कुकच्या पायथ्याशी सुमारे शंभर किलोमीटर. तिथून वानाका दोनशेच्या थोडे पुढे. वानाकाहून क्वीन्सटाउनला क्राउन रेंजचा जवळचा रस्ता आहे, पण तो हजार मीटरच्या वर चढतो आणि वळणांचा आहे. मोठी गाडी असेल तर क्रॉमवेलवरून कावराउच्या दरीतून जाणारा लांबचा रस्ता धरावा. क्वीन्सटाउनहून ‘ते आनाउ’ हे गाव सुमारे १७० किलोमीटर.

ते आनाउहून मिलफर्ड साउंडपर्यंतचे सुमारे १२० किलोमीटर मात्र नीट समजून घ्यावेत. टाकी ते आनाउलाच पूर्ण भरावी. वाटेत मोबाइलला रेंज मिळत नाही. १.२ किलोमीटर लांबीचा होमर बोगदा तीव्र उताराचा आहे. हिवाळ्यात आणि वसंतात हिमकडे कोसळण्याच्या धोक्यामुळे रस्ता कधीकधी बंद ठेवला जातो, तेव्हा त्या दिवशीची स्थिती सकाळीच पाहावी. बोगद्याच्या तोंडाशी केआ नावाचे डोंगरी पोपट भेटतात. हिरवे, धीट आणि भलते हुशार. गाडी थांबली की टपावर उतरतात आणि खिडकीचे रबर, वायपरची पट्टी चोचीने सोलून काढतात. त्यांना खाऊ घालू नये, आणि गाडी सोडून लांब जाऊ नये. मोठी गाडी या रस्त्यावर न्यायची हिंमत होत नसेल तर ती ते आनाउच्या मुक्कामी ठेवून बसने जाऊन यावे. अशा सहली तिथून रोज निघतात.

एकेरी पुलांचा नियम सोपा आहे. लाल वर्तुळात आपल्या दिशेचा लहान लाल बाण दिसला तर थांबून समोरच्याला आधी जाऊ द्यायचे. निळ्या चौकोनात मोठा पांढरा बाण दिसला तर आपला हक्क पहिला, पण समोरून कोणी आलेले नाही ना हे पाहूनच शिरायचे. मागे मोटारींची रांग लागली की सुरक्षित जागा बघून डावीकडे थांबावे आणि त्यांना पुढे जाऊ द्यावे. रांग अडवून ठेवणारी कॅम्परव्हॅन स्थानिकांच्या रोषाचे मोठे कारण ठरते.

उत्तर बेटही करायचे असेल तर वेलिंग्टन-पिक्टन फेरीबोटीचे बुकिंग गाडीच्या अचूक लांबीसह आधी करावे. कुकच्या सामुद्रधुनीतला हा प्रवास साडेतीन तासांच्या आसपासचा असतो. गाडी चढवण्यापूर्वी गॅसचा कॉक बंद करायचा.

रात्र कुठे काढायची

जागा तीन तऱ्हेच्या. हॉलिडे पार्क सर्वांत सोयीचे: वीजजोडणी, गरम पाण्याचे शॉवर, सामाईक स्वयंपाकघर, कपडे धुण्याची यंत्रे. दुसऱ्या तऱ्हेच्या जागा संवर्धन विभागाच्या, ज्याला तिथे सगळे ‘डॉक’ म्हणतात. त्या निसर्गाच्या ऐन मध्यात असतात, स्वस्त असतात, पण बहुतेक ठिकाणी वीज नसते आणि काही ठिकाणी नुसते शौचालय एवढीच सोय. माउंट कुकच्या पायथ्याचे व्हाइट हॉर्स हिल हे त्यांपैकी एक.

तिसरी तऱ्हा फुकट मुक्कामाची, आणि गैरसमज सगळे इथेच. रस्त्याकडेला कुठेही गाडी लावून झोपता येते, हे खरे नाही. २०११ च्या फ्रीडम कॅम्पिंग कायद्यात २०२३ साली बदल झाले आणि स्वयंपूर्ण गाडीच्या अटी कडक झाल्या. गाडीत पक्के बसवलेले शौचालय असावे, पाणी आणि सांडपाणी तीन दिवस सांभाळता यावे, आणि तसे हिरवे प्रमाणपत्र गाडीवर लावलेले असावे. ते असले तरी प्रत्येक नगरपालिकेचे स्वतःचे नियम असतात. कुठे एकच रात्र, कुठे ठरावीकच गाड्या, कुठे पूर्ण बंदी. चुकले तर शेकडो डॉलरचा दंड होतो. कॅम्परमेट हे ॲप मोबाइलवर घेतले की मुक्कामाच्या जागा आणि सांडपाणी सोडण्याची ठिकाणे नकाशावर दिसतात. तरी जागेवरची पाटी वाचल्याशिवाय गाडी लावू नये.

दोन रात्री डॉकच्या जागेत आणि तिसरी हॉलिडे पार्कमध्ये, हा क्रम कुटुंबाला मानवतो. तिसऱ्या दिवशी बॅटरी भरते, कपडे धुतले जातात आणि सगळ्यांना मनसोक्त आंघोळ मिळते.

पाणी, वीज आणि कॅसेट

गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनाची, दुसरी घराची. घराच्या बॅटरीवर दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रिज चालतो. मायक्रोवेव्ह, किटली, हेअर ड्रायर यांना बहुतेक गाड्यांत बाहेरची वीजजोडणी लागते. घरून नेलेला मिक्सरही तिथेच चालणार. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, पण पिना वेगळ्या, तेव्हा ॲडॅप्टर न्यावा. आंघोळीला शॉवर सतत सोडून चालत नाही. अंग भिजवायचे, नळ बंद, साबण लावायचा, पुन्हा नळ. दुष्काळी भागातल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही.

आता कॅसेट. शौचालयाखाली बाहेरून उघडणाऱ्या दारामागे एक चपटी टाकी असते, वीस लिटरच्या आत-बाहेर मावेल इतकी. ती भरली की कप्प्यातून ओढून काढायची, चाके असतील तर प्रवासी बॅगेसारखी डंप स्टेशनपर्यंत, म्हणजे सांडपाणी सोडायच्या ठिकाणापर्यंत, न्यायची, नळीचे झाकण उघडून सावकाश ओतायची. ओतताना हवेचे बटण अंगठ्याने दाबून धरले की मैला उसळत नाही. हा बारकावा डेपोतच विचारून घ्यावा. मग तिथल्या पाण्याने विसळायची, थोडे पाणी आणि औषधाची मात्रा घालून परत बसवायची. हातमोजे हवेत. मैला आधी सोडायचा, मग सिंक-शॉवरचे सांडपाणी. म्हणजे साबणाच्या पाण्याने जागा धुऊन निघते. पिण्याच्या पाण्याची नळी या कामाला कधीही वापरायची नाही आणि हात धुतल्याशिवाय तिला शिवायचेही नाही.

चार माणसांत ही टाकी साधारण दोन दिवसांत भरते. हॉलिडे पार्कचे आणि डॉकचे शौचालय वापरले तर काम निम्म्यावर येते. कोणी रिकामी करायची याची पाळी मुंबईतच लावावी आणि तीत घरातल्या सगळ्या प्रौढांची नावे असावीत. सहलीभर एकाच माणसाच्या, बहुतेकदा घरातल्या बाईच्या, गळ्यात स्वयंपाक आणि सफाई पडली तर त्या सहलीला तिची सुट्टी म्हणता येणार नाही.

शिधा आणि सीमा तपासणी

न्यूझीलंडची जैवसुरक्षा तपासणी कडक आहे. बॅगेतला प्रत्येक खाद्यपदार्थ आगमनाच्या घोषणापत्रात लिहावाच लागतो. लिहिलेला पदार्थ चालत नसेल तर तो काढून घेतात आणि विषय संपतो. न लिहिलेला सापडला तर जागेवरच ४०० डॉलरचा दंड. ताजा कढीपत्ता, फळे, पेरता येतील अशा बिया, मध, घरचे तूप आणि दुधाची मिठाई घरीच ठेवावी. कंपनीचे सीलबंद मसाले न्यावेत आणि तेही लिहावेत. डाळ, तांदूळ, पीठ, भाज्या क्राइस्टचर्चच्या भारतीय वाणसामानाच्या दुकानांत मिळतात. गाडी घेतल्याबरोबर तिथे फेरी मारून आठवड्याचा शिधा भरावा, कारण पुढच्या गावांतली दुकाने लहान आणि महाग.

तीन लिटरचा कुकर गॅसवर उत्तम चालतो. फोडणी देताना वरची खिडकी उघडी आणि पंखा सुरू ठेवावा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो आणि वास गाद्यांत बसतो. पश्चिम किनाऱ्याला आणि मिलफर्डच्या बाजूला सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्यांचे थवे असतात. तिकडे दार उघडे टाकून स्वयंपाक करू नये आणि अंगाला लावायचे मलम स्थानिक दुकानातूनच घ्यावे.

गाडी परत देताना

शेवटचा मुक्काम डेपोपासून तासाभराच्या आतच ठेवावा आणि तो हॉलिडे पार्कमध्येच असावा. सकाळी कॅसेट आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करावी, भांडी धुऊन जागच्या जागी लावावीत, फरशी झाडावी. भरलेली कॅसेट परत दिली तर सफाईचे भक्कम शुल्क लागते. डिझेल जवळच्या पंपावर भरून पावती जपावी. पंपावर नळी उचलण्याआधी झाकणावरचे इंधनाचे नाव पुन्हा वाचावे. परतीच्या घाईत पाण्याचे आणि डिझेलचे झाकण उलटसुलट होऊ शकते.

डेपोत पुन्हा एकदा पूर्ण चित्रण करावे आणि नुकसान नसल्याची लेखी नोंद मागून घ्यावी. अडकवलेली रक्कम भारतीय कार्डावर मोकळी व्हायला काही आठवडे लागू शकतात, तोवर कागद सांभाळावेत. वेगमर्यादेचा किंवा पार्किंगचा दंड कंपनीकडे मागाहून येतो आणि कंपनी तो आपले हाताळणी शुल्क लावून त्याच कार्डावर टाकते. म्हणून घरी आल्यावरही दोन-तीन महिने कार्डाचे मासिक विवरण ओळ न ओळ तपासावे, आणि अनोळखी रक्कम दिसली की कराराचा क्रमांक आणि दोन्ही चित्रणे घेऊन कंपनीला लगेच ई-मेल करावा.